दुसरे हात कुठे गेले?

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज फोनने मला आणखी एक आजार लावला. सकाळी उठले तेव्हा चांगली धडधाकट होते. चहाचं आधण ठेवून सहज फोन उघडला, तर एक चष्मेवाली बाई बोट नाचवत विचारते, "झोपेतून उठल्यावर डावा हात जड वाटतो का?" आता जन्मभर मी डाव्या कुशीवर झोपते. हात जड नाही वाटणार तर काय पिसासारखा वाटेल? पण तिने विचारलं आणि मला वाटायला लागला. दुपारपर्यंत तो हात मी तान्ह्या बाळासारखा जपत होते.

चूक माझीच. मागे एकदा छातीत फडफडलं होतं, खिडकीत पाखरू अडकावं तसं, क्षणभर. डॉक्टरकडे जायच्या ऐवजी मी फोनला विचारलं. एकदाच! तेव्हापासून त्याने मला रोगी म्हणून धरलंय. उघडला की कुणीतरी घाबरवतं, आणि घाबरवून झालं की गोळी दाखवतं.

यांना यातलं काही सांगितलेलं नाही. यांच्या डोक्याला काय कमी ताप आहे?

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुकानात दिवसभरात एकच मशीन आलं, तेही नुसतं तेल घालायला.

आम्ही वर राहतो, खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मधे लाकडी जमीन, त्यामुळे खालचं सगळं मला वर ऐकू येतं. खाली दोघं बसतात, हे आणि भाऊजी. भाऊजी काही यांचे सख्खे भाऊ नव्हेत. तरुणपणी नदीपलीकडून आले, एका दिवसाचं काम मागून स्टुलावर बसले ते आजतागायत उठले नाहीत. यांना दादा म्हणतात, मला वहिनी. बायको गेल्यापासून पुतणीसोबत मागच्या गल्लीत राहतात.

दुकानाचा नियम एकच. ज्याने मशीन उघडलं त्याने ते मिटायचं नाही. हे उघडतात, भाऊजी मिटतात. "मी काढलेला स्क्रू मला लावलेलाच दिसतो," हे नव्या गिऱ्हाइकाला समजावतात. "म्हणून दुसरा माणूस लागतो." मी संसाराला लागले तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं. मशीनच्या खोक्यातून निघणाऱ्या माहितीपुस्तिका वाचून वाचून मी शिकले. अजूनही मला लिहिताना वाटतं की खाली एक चित्र हवं आणि त्याला बाण हवेत.

पण आता दुरुस्तीला येतं कोण? फोनवर बोट ठेवलं की कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातलं नवंकोरं मशीन दारात येतं. वर्षभरात मोडतं. मोडलं की लोक दुसरं मागवतात.

दुकानात काम नाही, मग हे काय करतात? फोन बघतात. लेकीने आम्हा दोघांना एकाच दिवशी एकसारखे फोन दिले होते. माझ्यातून रोग निघाले, यांच्यातून घसाफाटे निघाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घसाफाटे हे मी ठेवलेलं नाव. खरं नाव काही का असेना. तो निवडणुकीला उभा आहे आणि दिवसभर आमच्या घरात ओरडतो. यांना ऐकायला कमी येतं, म्हणून आवाज मोठा. मी भांडी घासते, तो ओरडतो, "तुमच्या हातचं काम कुणी पळवलं?" मी कपडे वाळत घालते, तो म्हणतो, "नदीपलीकडचे! त्यांना पलीकडे धाडा!" एकदा मी मोरीतूनच ओरडले, "अरे, काम फोनने पळवलं, त्याला धाड की पलीकडे!" यांना ऐकूच आलं नाही.

आज खाली भांडण झालं. भांडण तरी कसं म्हणू, एक वाक्य झालं. भाऊजी म्हणाले, "दादा, तो आवाज जरा बारीक करा, मला मशीनचा आवाज कळत नाहीये."

हे म्हणाले, "तुम्हा लोकांना खरं ऐकायला नकोच असतं."

तुम्हा लोकांना! इतक्या वर्षांत हा शब्द आमच्या जमिनीखालून कधी वर आला नव्हता.

मग मी चहा घेऊन खाली गेले, तर हे स्वतःच उघडलेलं मशीन स्वतःच मिटत होते आणि भाऊजी रिकाम्या हातांनी बघत होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी लेकीचा फोन. हे आत झोपले होते, चांगले घोरत होते, म्हणून मी मोकळेपणाने बोलले. आवाज स्पीकरवर, कारण मी वाटाणे सोलत होते.

सगळं सांगितलं. घसाफाटे, तुम्हा लोकांना, आणि ओघात माझं छातीतलं पाखरूही निघून गेलं तोंडातून. लेक आधी माझ्यावर चिडली. "आई, बाबांना सांग आणि डॉक्टरकडे जा!" मी म्हटलं, बघू. मग ती म्हणाली, "हे बघ, फोनला चांगलं-वाईट काही कळत नाही. तुम्ही ज्याच्यावर थांबता ते तो आणखी आणून टाकतो. दारात आलेल्या मांजराला दूध घातलं की ते रोज येतं ना? तसं."

"मग त्या घसाफाट्याला यांनीच दूध घातलं?"

"हो. आणि तुझ्या त्या चष्मेवालीला तू."

म्हटलं, "मग दुसऱ्या मांजराला घातलं तर?"

लेक हसायलाच लागली. "घालून बघ. पण बाबांच्या फोनवरून घालावं लागेल."

तिच्या ऑफिसातल्या एका परदेशी मैत्रिणीच्या वडिलांचंही असंच झालंय म्हणे. त्यांच्याकडे नदी नाही, डोंगर आहे, एवढाच फरक. घसा तोच. म्हणजे जगभर म्हातारे खुर्चीत बसलेत आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगतंय की तुझं पलीकडच्याने नेलं. मला एकदम त्या सगळ्यांच्या बायकांची दया आली.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, आतलं घोरणं थांबलेलं. कूस बदलली असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा यांच्या फोनला खाऊ घातला.

दुपारी जेवून हे आडवे होतात. पूर्वी फोन उशाखाली असायचा, पण परवापासून बाहेर फळीवरच राहतो. विसरतात बिचारे. कुलूपही काढून टाकलंय, म्हणाले, बोटं चुकतात. माझ्या पथ्यावरच पडलं.

दार लोटून घेतलं, आवाज बंद केला आणि कोकरं शोधली. एक कोकरू, दोन कोकरं, कोकराची बाटली. मग एक माणूस लाकडाची होडी घडवतो ते. एक बाई काच फुंकते ते. मधेच घसाफाट्याने तोंड काढलं, मी त्याला खालून वर असा झटक्यात उडवला की विचारू नका. असा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग विचार केला, यांना कोकरांचं काय? यांना आवडतं ते घालायला हवं. म्हणून जुनी शिलाई मशीनं खोलणारे लोक शोधले. किती तरी निघाले! कुठल्या कुठल्या देशांतले. कळकट हात आणि समोर मशीन. भाषा कळत नव्हती, पण एकाने मशीनच्या पोटातलं दोऱ्याचं शटल काढून उजेडात धरलं ते अगदी हे धरतात तसं.

चोरी आहे का ही? नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप हात घालणं? घसाफाटे तरी कुठे विचारून आला होता!

सोमवार, १७ फेब्रुवारी

रोज दुपारी चालू आहे. फरक? काही नाही. जेवताना हे म्हणाले, "काल एक गंमतच झाली. बातम्या बघत होतो, तर मधेच कोकरू आलं."

मी भात कालवत विचारलं, "मग?"

"मग काय. बघितलं. बरं होतं."

आणि पुन्हा घसाफाटे लावला.

माझ्या फोनचं मात्र वेगळंच चाललंय. त्याच्या काचेवर आज मशीनच्या तेलाचं बोट उमटलेलं होतं. मी खाली जाऊन काही हाताळलं होतं का? आठवत नाही. विसरभोळेपणाची लक्षणं फोनला विचारणार होते, पण म्हटलं नको, तो आणखी एक चष्मेवाली पाठवायचा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वाईट दिवस.

शाळेजवळची शिंपीण मशीन परत घेऊन आली. भांडणाच्या दिवशी हेच उघडलं होतं यांनी, हेच मिटलं होतं. टाका सुटत होता. भाऊजींनी झाकण काढलं, बघितलं, ड्रॉवरमधून एक स्प्रिंग घेतली, बसवली आणि मशीन तिच्या पुढ्यात ठेवलं. यांची स्प्रिंग बसवायची राहिलीच होती.

शिंपीण गेली. हे म्हणाले, "माझ्या कामात पुन्हा हात घालायचा नाही."

भाऊजी म्हणाले, "दादा, आपलं काम म्हणजे तेच तर आहे. एकमेकांच्या कामात हात घालणं."

"दुकान माझं आहे."

मी जिन्यात उभी होते. भाऊजींनी आपले पेचकस फडक्यात गुंडाळले, स्टूल बाकाखाली नीट सरकवलं आणि वर बघून म्हणाले, "वहिनी, चहा राहू द्या आज."

रडले नाही. पण यांच्यासाठी चहा करताना सवयीने तिसरा कप काढला. तेव्हा मात्र पदर डोळ्याला लावावा लागला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

खाली एकच आवाज. घसाफाट्याचा धरला तर दोन.

काल त्याच्या प्रचारातली एक बाई आली होती. तरतरीत, गोड बोलणारी. तिने यांना काका म्हटलं, दुकानाचे फोटो काढले. त्यांना यांचा छोटा व्हिडिओ हवाय. इथल्याच मातीतला जुना कारागीर, कामाला महाग झालेला. एकच वाक्य बोलायचं: "माझ्या हातचं काम नदीपलीकडच्यांनी नेलं." बाकी ते लोक सजवून घेतील. एका दिवसात गावभर जाईल म्हणाली.

हे हो म्हणाले. ९ मार्चला रविवारी येणार आहेत.

मी म्हटलं, "अहो, गावभर जाईल म्हणजे मागच्या गल्लीतही जाईल ना?"

"मी काय कुणाचं नाव घेणार आहे?"

"नाव कशाला लागतंय? आपल्या गावात नदीपलीकडचा मशीनवाला आहे तरी कितीसा? भाऊजींना उद्या पाव विकत घ्यायला जाणं मुश्कील होईल."

यांनी कानाला हात लावून ऐकू न आल्यासारखं केलं. या माणसाला खरंच ऐकू येत नाही ते कधी आणि येत असून येत नाही ते कधी, हे इतक्या वर्षांत मला कळतंच कळतं. आज ऐकू आलं होतं.

आज दुपारी मी फोनला दुप्पट खाऊ घातला. त्या रविवारच्या आत त्याचं पोट भरायला हवं. कोकरं बंद. आता फक्त मशीनं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

माझ्या फोनला कसली तरी सद्बुद्धी झालीय. आज रोग एकही नाही. बदकं!

तळ्यावरची बदकं, रांगेने रस्ता ओलांडणारी बदकं, आंघोळ करणारं बदकाचं पिल्लू. मी चहा विसरून बघत बसले. आश्चर्य असं की बदकांचं मी कधी फोनला विचारलेलंच नाही. माझ्या माहेरी घरामागे तळं होतं आणि एक लंगडं बदक माझ्या मागे मागे फिरायचं, हे मी जन्मात फक्त यांना सांगितलंय, तेही लग्न नवीन असताना. फोनला कसं कळलं? एका घरातले फोन रात्री शेजारी शेजारी चार्जिंगला असतात, तेव्हा एकमेकांत बोलत असतील. यांच्या फोनला मी जे घालते त्यातलं थोडं माझ्यालाही मिळत असेल.

शनिवार, १ मार्च

सकाळीच हे म्हणाले, "मला जिना चढताना दम लागतो. डॉक्टरकडे सोबत चल."

मी पोळपाट बाजूला सारला. स्वतःहून डॉक्टरचं नाव काढणारा हा माणूस नव्हे. दाताला दोरा बांधून दाराने दात पाडणारा माणूस!

डॉक्टरीणबाईंनी यांना दोन मिनिटांत तपासलं आणि मला म्हणाल्या, "आता आल्याच आहात तर तुमचाही ईसीजी काढून टाकू." मी नको नको म्हणत होते, पण हे म्हणाले, "काढून घे गं, मशीन गरम आहे तोवर." मला झोपवून तारा लावल्या. विचारलं, कधी फडफडतं का? आता समोरच विचारल्यावर खोटं कसं बोलू? सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, बहुतेक ऐकू गेलं नसावं.

घाबरण्यासारखं काही नाही निघालं. चहा कमी करा, रोज चाला, काळजी कमी करा, पुन्हा महिन्याने या. यांच्या दमाचं काय, विचारलं तर डॉक्टरीणबाई यांच्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांचा दम आता गेला असेल." खरंच गेला होता. परत येताना हे परीक्षेत पहिले आल्यासारखे चालत होते. माझ्याही पुढे.

यांना काही झालेलं नाही हे ऐकून मलाही इतकं हलकं वाटलं की ते पाखरू उडूनच गेलं म्हणा ना.

मंगळवार, ४ मार्च

आज झालं ते असं.

संध्याकाळी हे खुर्चीत फोन बघत होते. मी मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या करत होते. घसाफाटे झाला, मग एक मशीनवाला आला, परदेशी. हे थांबले. मग दुसरा मशीनवाला. आणि त्याच्यामागून आमचं दुकान आलं!

आमचंच बाक. बाकावरचा तो जळका डाग. भाऊजींची पुतणी कधी कधी फोन धरून उभी राहायची ते मला माहीत होतं, मला वाटायचं पोरीला हौस. ती हे सगळं जगाला दाखवत होती. चित्रात चेहरे नाहीत, नुसते हात. दोन हात मशीन उघडतात, सगळे भाग फडक्यावर ओळीने मांडतात. मग दुसरे दोन हात येतात आणि मिटायला घेतात. आणि भाऊजींचा आवाज: "हे उघडणारे हात माझ्या दादांचे. मी गावात आलो तेव्हा मला साधा पेचकस धरता येत नव्हता. या हातांनी शिकवलं."

यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं," म्हणाले, "हे माझेच हात ना?"

"तुमचेच. अंगठ्यावरची खूण बघा की."

त्याखाली लोकांनी लिहिलेलं होतं. परक्या लिप्या, पण बोट ठेवलं की फोन आपल्या भाषेत करून देतो. कुठल्या तरी बर्फाच्या देशातल्या बाईने लिहिलंय की आईचं बंद मशीन हे बघून मी चालू केलं. तिनेच विचारलंय, दुसरं एक मशीन पार्सलने पाठवलं तर कराल का? मग यांनी बोट वर सरकवलं तसा मागच्या आठवड्याचा व्हिडिओ आला. भाऊजींच्या घरचं टेबल. दोनच हात, उघडणारेही तेच आणि मिटणारेही तेच. काम नीट होतं, पण बघवत नव्हतं. एका चपलेने चालणाऱ्या माणसासारखं.

त्याखाली एकाने विचारलं होतं, "दुसरे हात कुठे गेले?" त्याखाली आणखी एकाने. मग कितीतरी जणांनी. त्या बर्फाच्या बाईनेही. ते आजारी आहेत का? ते बरे आहेत ना? आम्ही वाट बघतोय.

भाऊजींनी एकच उत्तर दिलं होतं, "दादा बरे आहेत. जरा कामात आहेत."

यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि आपले हात उलटेसुलटे करून बघत बसले, कुणाचे तरी सापडलेले असावेत तसे. मी घड्या केलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या केल्या. तेवढं एकच काम होतं माझ्याकडे.

शुक्रवार, ७ मार्च

रविवारचं यांनी रद्द केलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "शब्द दिलाय, येऊ देत."

म्हणजे सगळं पाण्यात? पुरुषांचं मला कधी कळलं नाही. आज फोनला काहीच घातलं नाही, रुसले त्याच्यावर. संध्याकाळी बघितलं तर तेलाचं बोट पुन्हा माझ्या काचेवर.

रविवार, ९ मार्च

सकाळी ती बाई आली, बरोबर कॅमेरावाला. दुकानात एवढा उजेड पाडला की कोपऱ्यातली जळमटं बघून मलाच लाज वाटली. हे नवा शर्ट घालून बाकाशी बसले.

"काका, अगदी सहज बोला हं," बाई म्हणाली. "जणू मी तुमची मुलगीच आहे."

यांनी एक जुनं मशीन पुढे ओढलं आणि उघडायला लागले. "हे झाकण. याच्याखाली शटल. शटल काढताना सुई वर पाहिजे, नाहीतर मोडलीच समजा."

"छान. आता ते वाक्य, काका?"

"येतंय, येतंय." पट्टा काढला. दाते काढले. एकेक भाग फडक्यावर. ती बाई घड्याळ बघतेय, कॅमेरावाला मात्र पुढे पुढे वाकतोय. सगळं मशीन मोकळं झालं तसे यांनी हात पुसले आणि घडी घालून बसले.

"आता?" बाई म्हणाली.

"आता मिटणारा यायला हवा. आमच्याकडे उघडणारा मिटत नाही." आणि मला हाक, "अगं, भाऊजींना बोलाव."

मी मागच्या गल्लीत कशी पोचले ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी चाला म्हटलं होतं, मी धावले. भाऊजी दारात उभे होते. गावात त्यांनाही कळलेलंच होतं.

"मला कशाला, वहिनी? पलीकडे जा म्हणून तोंडावर सांगायला? ते कॅमेऱ्यातून सांगितलं तरी पोचेल."

"मला काय ठाऊक! मशीन उघडं पडलंय एवढं खरं."

"उघडं? सगळं?"

"दाते सुद्धा काढलेत."

"आणि तसंच ठेवलंय? धूळ बसेल ना!" असं म्हणून त्यांनी पायात चपला अडकवल्या. मी म्हणते, देवमाणूस तो. रागावायचं सुद्धा राहून गेलं.

दुकानात येऊन कुणाकडे न बघता बाकाखालून आपलं स्टूल ओढलं आणि मिटायला बसले. एक एक भाग. मधेच हात थांबला. फडक्यावर बघितलं, बाकाखाली बघितलं, मग यांच्याकडे.

"दादा, स्प्रिंग कुठेय?"

यांनी नव्या शर्टाच्या खिशातून स्प्रिंग काढून समोर धरली. "बघत होतो, तुला दिसतंय का अजून."

"तुमच्यापेक्षा बरं दिसतं."

"म्हणूनच बोलावलं." मग खाली बघत म्हणाले, "मला गेले काही दिवस काहीच नीट दिसत नव्हतं रे."

भाऊजींनी स्प्रिंग घेतली. ती बसवायला एरवी त्यांना पळभर लागतो. आज कितीतरी वेळ लागला. डोळे भरल्यावर बारीक काम होत नाही.

ती बाई शेवटी म्हणाली, "काका, यातलं आम्हाला काही वापरता येणार नाही."

"मग राहू दे," हे म्हणाले. "मशीन तर झालं."

तीही वाईट नव्हती. जाताना चहा घेऊन गेली. कॅमेरावाला दारातून परत फिरला आणि हळूच विचारलं, "आईचं मशीन घरी पडून आहे, आणू का?"

तीन कप काढले आणि दोन पाहुण्यांचे. स्वतःला अर्धाच ओतला. डॉक्टरीणबाईंचा शब्द.

मंगळवार, १८ मार्च

परवा मतदान झालं, आज निकाल. घसाफाटे निवडून आला. रस्त्यात गाड्या, भोंगे. मला वाटलं होतं आमच्यासारखंच सगळ्या घरांत झालं असेल. पण प्रत्येक घरात कोण दुपारी जागं राहून कोकरं शोधणार!

भीती वाटते. नाही कशी वाटणार? चौकातला पाववाला आज भाऊजींशी नीट बोलला नाही म्हणे. हे उठले, भाऊजींना सोबत घेऊन गेले आणि दोघांनी मिळून एक पाव आणला. एका पावाला दोन माणसं!

परत आल्यावर खालून आवाज आला. "दादा, मग जाऊ का मी पलीकडे?"

"जा की. आधी हे मिटव."

"हे झाल्यावर?"

"हे झाल्यावर बर्फाच्या बाईचं पार्सल आलंय, ते मी उघडतो."

शुक्रवार, २१ मार्च

आज दुपारी झोप लागली. जाग आली तर हे शेजारी नाहीत. पाणी प्यायला उठले आणि दाराशीच थबकले.

हे स्वयंपाकघरात फळीपाशी उभे होते. हातात माझा फोन. तो लांब धरून, चष्मा नाकावर, आवाज बंद, बदकं बघत होते. आवडीने नव्हे हो. कंटाळून, जांभया देत. एक बदक संपलं की तेलकट बोटाने दुसरं आणत होते. मधेच चष्मेवाली आली. तिला यांनी खालून वर असं उडवलं की मला माझंच बोट आठवलं.

मी पाय न वाजवता मागे फिरले आणि पलंगावर बसले. मग एकेक स्क्रू बसायला लागला. त्या रविवारी थांबलेलं घोरणं. फळीवर विसरलेला फोन, काढून टाकलेलं कुलूप. डॉक्टरीणबाईंकडे गेलेला तो दम. माझ्या पाखराचं यांना त्या रविवारपासूनच माहीत होतं, आणि माझ्या कोकरांचंही. बघितलं, बरं होतं, म्हणाले होते.

विचारावं का? नको. विचारलं की हे लाजतील आणि बंद करतील.

शनिवार, २२ मार्च

जेवण झाल्यावर फोनची काच पदराने पुसायला घेतली, पण ते बोट तसंच राहू दिलं. फोन फळीवर ठेवला, अगदी कडेला, हाताला येईल असा. मोठ्याने म्हटलं, "बाई गं, आज फार झोप येतेय." पलंगावर आडवी झाले आणि घोरायला लागले.

थोड्या वेळाने पावलं वाजली. फळीवरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला. मी आणखी जोर केला.

"अगं," हे दारातून म्हणाले, "तू अशी घोरत नाहीस."

मी घोरतच राहिले.